वाचले, पण कशातून?

आमच्या घराण्याचा गणपती शहापुरात दादाच्या घरी बसतो. आम्ही भाऊ वेगळे राहू लागलो त्याला चाळीस वर्षे होत आली, पण गणपती एकच ठेवला आहे. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, पाने मांडायला अजून थोडा अवकाश आहे, अशा वेळी वहिनी माझ्याजवळ येऊन बसतात आणि दर वर्षी एकच वाक्य बोलतात : "भावजी, तुमच्यामुळं हा गणपती बघायला मिळाला." मी मान खाली घालतो. सुरुवातीची काही वर्षे ती संकोचाने, आणि खरे सांगायचे तर थोड्या अभिमानानेही खाली जात असे. पुढे पुढे ती दुसऱ्याच कारणाने खाली जाऊ लागली. ते कारण सांगण्यासाठी हा लेख आहे.

2009 सालची गोष्ट. वहिनींना चक्कर येत होती, म्हणून मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करायला सांगितले. रक्तवाहिन्या ठणठणीत निघाल्या. पण तपासणाऱ्याच्या नजरेला थायरॉइडमध्ये 9 मिलिमीटरची एक गाठ पडली. ती हाताला लागत नव्हती, गिळताना जाणवत नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या वहिनींना तिने कधी काही म्हटले नव्हते. सुईने पेशी काढून तपासल्या. अहवाल आला : पॅपिलरी कर्करोग.

त्या रात्री दादाच्या घरी आम्ही बसलो होतो. दादा हळू बोलणारा माणूस. तो म्हणाला, "एवढीशी गाठ आहे. जरा थांबून बघू या काय?" मी घरात शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन. मी म्हणालो, "दादा, कॅन्सरला कुणी थांबतं का?" चर्चा तिथेच संपली.

शस्त्रक्रिया झाली. संपूर्ण ग्रंथी काढली. काढलेल्या ग्रंथीत आणखी एक बारीक ठिपका सापडला, म्हणून त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे खबरदारी घेण्याचे ठरले आणि वहिनींना मुंबईला नेऊन किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला. एका खोलीत त्या एकट्या. जेवणाचे ताट दाराशी ठेवून माणूस निघून जाई. घरी आल्यावरही आठ वर्षांच्या नातीला काही दिवस त्यांच्या मांडीवर बसू दिले नाही. त्या पोरीला हे काय चालले आहे ते कळेना. ती दाराच्या चौकटीत उभी राहून आजीकडे बघत राही.

तेव्हापासून रोज पहाटे चहाच्या आधी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी. थायरॉइडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात; त्यांना धक्का बसल्यामुळे दुपारी कॅल्शियमची गोळी. ती चुकली की बोटांना मुंग्या येतात. आणि आवाज. बोलण्यात फरक कळत नाही, पण वरचे सूर गेले. स्वरतंतूंना ताण देणाऱ्या स्नायूकडे जाणारी दोऱ्याएवढी एक नस ग्रंथीच्या वरच्या टोकाला लगटून जाते. तिला कितीही जपले तरी कधी कधी इजा होते, यात शस्त्रवैद्याला दोष देण्यासारखे काही नाही. पण वहिनी गल्लीतल्या भजनी मंडळात पुढे बसून गाणाऱ्या. आमच्या आरतीत शेवटचा चढा सूर त्यांचाच. आता त्या मागे बसतात, हातात टाळ असतो. तक्रार कधी केली नाही. "जीव राहिला, सूर गेला तर गेला," एवढेच म्हणाल्या.

माझा पेशा संख्याशास्त्र शिकवण्याचा. 2014 सालच्या अखेरीस माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो आता वैद्यकीय संशोधनातली आकडेमोड करतो, मला एक छोटा निबंध वाचायला दिला. "सर, आलेख बघा. वर्गात दाखवायला चांगला आहे," असे म्हणून. आलेख दक्षिण कोरियाचा होता. 1999 साली त्या देशाने कर्करोगाच्या सरकारी चाचण्या सुरू केल्या. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण थोडे पैसे जास्त भरले की दवाखाने मानेची सोनोग्राफीही करून देत. लोकांनी हौसेने करून घेतली. 1993 ते 2011 या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण पंधरा पट झाले. एकट्या 2011 साली 40,000 हून अधिक लोकांना हे निदान मिळाले. त्या देशात सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच ठरला. त्याच आलेखात खाली दुसरी एक रेघ होती, या रोगाने मरणाऱ्यांची. वर्षाला तीन-चारशे. ती रेघ जमिनीला समांतर होती, अगदी पट्टीने ओढल्यासारखी.

मी तो आलेख वर्गात दाखवला नाही. त्या दिवशी मला जेवणही गेले नाही.

ज्यांचा आकड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे थांबून सांगतो. एखादा रोग लवकर सापडल्याने जीव वाचत असतील, तर जास्त लोकांत तो लवकर सापडल्यावर काही वर्षांनी मरणाऱ्यांचा आकडा खाली यायला हवा. तो आला नाही. कोणी म्हणेल, रोग खरोखरच पंधरा पट वाढला आणि उपचारांनी तेवढेच मरण टाळले. पण वाढ आणि उपचार यांनी एकमेकांना वर्षानुवर्षे इतके काटेकोर छेद द्यावेत, हा योगायोग माझ्यासारख्या मास्तराच्या पचनी पडणारा नाही. अमेरिकेत 1975 साली लाखामागे 4.9 लोकांना हे निदान होई, 2009 साली 14.3 जणांना; मृत्यू मात्र दोन्ही वर्षी लाखामागे सुमारे अर्धा. एकच अर्थ निघतो. जे नवे सापडले त्यांतले बहुतेक मरणारच नव्हते.

आणि हे सापडलेले आले कुठून? ते होतेच. फिनलंडमध्ये 1985 साली तीन वैद्यांनी दुसऱ्या कारणांनी मेलेल्या 101 जणांच्या थायरॉइडचे अगदी पातळ काप काढून तपासले. 36 जणांत पॅपिलरी कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके निघाले. म्हणजे तीनांत एक. ही माणसे आपल्याला कर्करोग आहे हे न कळता जगली आणि भलत्याच कशाने तरी गेली. त्या वैद्यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच या ठिपक्यांना फिनलंडपुरती स्वाभाविक गोष्ट म्हटले होते. हे माझ्या वहिनींच्या सोनोग्राफीच्या चोवीस वर्षे आधी छापून झाले होते.

आपल्याकडे दोरीला साप समजण्याचा दृष्टांत घासून गुळगुळीत झाला आहे. इथे तो लागू पडत नाही, कारण इथे दोरी नाही, साप खराच आहे. पण ती धामण आहे. शेतात धामण निघाली की माणसे तिलाही काठ्यांनी मारतात, आणि मारून झाल्यावर सुटकेचा श्वास टाकतात. तो सुटकेचा श्वास खोटा नसतो.

अडचण शब्दाची आहे. एका शब्दात आपण किती वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत! थायरॉइडच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार चार. पॅपिलरी सर्वांत जास्त आढळणारा, बहुधा मंद. फॉलिक्युलर त्याच्या जवळचा. मेड्युलरी वेगळ्याच पेशींतून निघतो आणि काही घराण्यांत पिढीजात चालत येतो. चौथा ॲनाप्लास्टिक, क्वचित होणारा, पण माणसाच्या शरीरात होणाऱ्या सगळ्या कर्करोगांत अतिशय उग्र. आमच्या कॉलेजातल्या एका शिपायाला तो झाला. गळ्याशी गाठ होती, ती बरीच वर्षे तशीच होती. मग एकाएकी आठवड्या-आठवड्याला वाढू लागली, आवाज बसला, गिळता येईना. चार महिन्यांत सगळे आटोपले. वहिनींच्या अहवालावर जो शब्द होता तोच याच्याही अहवालावर होता. 2009 साली मी दादाला गप्प केले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर 9 मिलिमीटरची गाठ नव्हती, हा शिपाई होता.

तेव्हा या रोगाच्या उपचारांचा दीडशे वर्षांचा प्रवास मी मुद्दाम वाचून काढला. निदान समजून तरी घ्यावे म्हणून. त्यात मला एक माणूस भेटला आणि तो मला सोडीना. थिओडोर कोखर, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा शस्त्रवैद्य. स्वित्झर्लंड डोंगराळ मुलूख, अन्नपाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रोगी गल्लोगल्ली. कोखरच्या आधी गलगंड कापणे म्हणजे रोग्याला रक्तस्रावाने किंवा जखम चिघळून मरू देणे. शहाण्या वैद्याने त्या वाटेला जाऊ नये असा संकेत होता. कोखरने एकेक रक्तवाहिनी शांतपणे बांधत, स्वच्छता पाळत ही शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली, की पुढे त्याचे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली गेले. 1909 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारा तो पहिला शस्त्रवैद्य.

पण मला त्याचे मोठेपण यात वाटत नाही. 1874 साली त्याने 11 वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली. नंतर त्याच्या कानावर आले की मुलगी बदलली, मंद झाली आहे. 1882 साली जिनेव्हाच्या रेव्हर्दें नावाच्या वैद्याने त्याला आपल्या रोग्यांतही असेच काही दिसल्याचे सांगितले. तेव्हा कोखरने आपल्या जुन्या, बऱ्या झालेल्या, त्याचे उपकार मानणाऱ्या रोग्यांना पत्रे लिहून परत बोलावले. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती ते बहुतेक सुजलेले, थिजलेले, मुले असतील तर वाढ खुंटलेले. 1883 साली बर्लिनच्या शस्त्रवैद्यांच्या परिषदेत उभा राहून त्याने हे सांगितले : माझी शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि तिने ही माणसे अशी केली. साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढायची नाही असे त्याने ठरवून टाकले.

त्याला कोणी बोलावले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. रोगी तक्रार घेऊन दारात उभे नव्हते. त्याने स्वतः जाऊन आपल्या यशाची चौकशी केली.

पुढचा इतिहास लंबकासारखा आहे. 1891 साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून ग्रंथी मंदावलेली एक बाई बरी केली. ती पुढे 28 वर्षे जगली. 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडॉलने थायरॉक्सिन वेगळे केले. आता ग्रंथी नसली तरी माणूस जगवता येऊ लागला. मग आली अणुयुगाची देणगी. थायरॉइडच्या पेशींना आयोडीनची भूक असते. कर्करोग झालेल्या पेशीही ती भूक बऱ्याचदा विसरत नाहीत. तेव्हा आयोडीनच विषारी करून पाजले तर? न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरे रुग्णालयात सॅम्युअल सीडलिनने 1943 साली, रोग हाडांपर्यंत पसरलेल्या एका माणसाला ते पाजले आणि 1946 साली निकाल प्रसिद्ध केला. शरीरभर पसरलेल्या गाठी आपल्याच हाताने औषध ओढून घेतात, याहून सुंदर कल्पना वैद्यकात फार नसतील. मुंबईत 1963 साली अणुशक्ती खात्याने किरणोत्सारी औषधांचे केंद्र काढले, आणि आपल्याकडच्या हजारो लोकांना त्याचा लाभ झाला. फुप्फुसात रोग पसरलेल्या तरुण मुली त्या औषधाने बऱ्या होऊन संसाराला लागल्या आहेत. हे विसरून चालणार नाही.

पण आयोडीनने उरलेसुरले मारायचे तर आधी ग्रंथी पूर्ण काढायला हवी, कारण ती जागेवर असेल तर सगळे आयोडीन तीच गिळते. म्हणून लंबक पुन्हा संपूर्ण ग्रंथी काढण्याकडे गेला. मोठ्या रोगासाठी जे योग्य होते ते लहान रोगालाही लागू झाले. त्याच सुमारास सोनोग्राफीचे यंत्र स्वस्त झाले आणि 3-4 मिलिमीटरचे ठिपके दिसू लागले. मोठ्या रोगाचे हत्यार आणि बारीक ठिपका यांची गाठ पडली ती इथे. माझ्या वहिनी नेमक्या त्या वळणावर उभ्या होत्या.

आता लंबक परत फिरला आहे. 2012 साली इंग्लंड आणि फ्रान्समधल्या दोन प्रयोगांनी दाखवले की कमी धोक्याच्या रोग्यांत आयोडीनचा लहान डोस मोठ्याइतकेच काम करतो. 2022 साली फ्रेंचांनी दाखवले की अशा बऱ्याच जणांत त्याची गरजच नाही. 2015 सालच्या अमेरिकी नियमांनी 1 सेंटिमीटरहून लहान गाठीला बहुधा सुई घालूच नये असे सांगितले, आणि 4 सेंटिमीटरपर्यंतच्या साध्या रोगाला अर्धी ग्रंथी काढणे पुरेसे मानले. 2016 साली तर एका प्रकाराच्या नावातून कर्करोग हा शब्दच काढून टाकला. वेष्टणात गुंडाळलेली, बाहेर न पसरलेली ती गाठ. काल कर्करोग होती, आज नाही. गाठ तीच.

मला सर्वांत नवल वाटते ते कोबेच्या कुमा रुग्णालयाचे. तिथल्या अकिरा मियाउची यांनी 1993 साली, म्हणजे कोरियातली लाट उसळण्याच्याही आधी, असा प्रस्ताव मांडला की 1 सेंटिमीटरपर्यंतच्या पॅपिलरी कर्करोगाला हात न लावता वर्षा-सहा महिन्यांनी नुसते बघत राहावे. 1,235 जणांना असे बघत राहिल्याचा अहवाल 2014 साली आला. दहा वर्षांत गाठ 3 मिलिमीटरने वाढली ती सुमारे 8 टक्के लोकांत, मानेतल्या गाठींत रोग गेला तो 4 टक्क्यांहून थोड्या कमी लोकांत. त्यांची मग शस्त्रक्रिया झाली. या रोगाने मेले कोणीच नाही. वय जितके जास्त तितकी गाठ जास्त स्वस्थ.

म्हणजे "जरा थांबून बघू या काय" हे शहापुरातल्या एका न शिकलेल्या भावाचे वाक्य कोबेमध्ये सोळा वर्षे आधी उपचारपद्धती म्हणून चालू झाले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी 2016 साली बारा देशांचा हिशेब मांडला : दोन दशकांत 4 लाख 70 हजार बायका आणि 90 हजार पुरुष यांना असे निदान मिळाले, जे न मिळते तर त्यांचे काही बिघडले नसते. कोरियातल्या बायकांत दहांतली नऊ निदाने या जातीची. हा आकडा मी मानतो. पण या लाखो बायकांतली एकही बाई तुम्हाला दाखवता येणार नाही. ही यातली खरी मेख. समूहात अन्याय झाला हे निश्चित, पण तो कोणावर झाला हे कधीही कळणार नाही. जिची ग्रंथी काढली तिची गाठ पुढे वाढली असती की नाही, हे पाहण्याचा मार्ग ग्रंथीबरोबरच कापला गेला. उलट प्रत्येकीला वाटते, मी वाचले. वाचल्याचा पुरावा काय? जिवंत आहे हाच. जितकी अनावश्यक निदाने जास्त, तितक्या जगलेल्या बायका जास्त, तितके उपचाराचे गोडवे गाणारे जास्त, आणि तितक्याच शेजारणी तपासणीला रांगेत. शंभर रोग्यांतले दहा मरत असतील आणि त्यांत न मरणारे नऊशे आणून मिसळले, तर हजारात दहा मेले असा हिशेब निघतो, नव्वदाचे नव्व्याण्णव टक्के होतात, आणि एकाही माणसाचा जीव जास्त वाचलेला नसतो. अशा टक्केवारीची मी वर्गात चेष्टा करीत असे. घरी मात्र वहिनींची पाच वर्षे पुरी झाली तेव्हा पेढे मीच आणले होते.

अमेलिता गाल्ली-कुर्ची नावाची एक थोर इटालियन गायिका होऊन गेली. 1935 साली तिच्या गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि तिचा आवाज गेला. ती नस कापली गेली असे म्हणतात, तिच्या नावाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ती नस ओळखायला शिकवतात. पुढे काही अभ्यासक म्हणू लागले की तिचा आवाज आधीपासूनच उतरणीला लागला होता, शस्त्रवैद्यावर उगाच आळ आला. कोण सांगणार? शस्त्रक्रिया न झालेली दुसरी गाल्ली-कुर्ची नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या दुसऱ्या वहिनीही नाहीत. त्यांची गाठ त्या शंभरातल्या आठांपैकी असेलही. मग मी त्यांना खरोखरच वाचवले. दोन्ही शक्यता मी इतकी वर्षे जवळ बाळगून आहे, आणि अपराध आहे की पुण्य हे न ठरलेल्या गोष्टीचे ओझे ठरलेल्या अपराधाहून जड असते असा माझा अनुभव आहे.

हे वाचून कोणी डॉक्टरकडे जाणे टाळील, ही भीती मला आहे. गळ्याला हाताला लागणारी गाठ, बसलेला आवाज, गिळताना अडथळा, यांना घेऊन थांबू नये. अमेरिकेतच 1994 ते 2013 या काळात या रोगाचे मृत्यूही वर्षाला सुमारे 1.1 टक्क्याने वाढल्याचे 2017 साली दिसून आले. सगळेच काही यंत्राने उठवलेले वादळ नाही. 1986 साली चेर्नोबिलचा स्फोट झाला, तिथली मुले किरणोत्सारी आयोडीनचे दूध प्यायली. 2005 पर्यंत 6,000 हून अधिक जणांना थायरॉइडचा कर्करोग झाला, पण त्या वर्षापर्यंत मेले ते पंधरा. उपचारांचे बळ काय असते ते यातून दिसते. मेड्युलरी कर्करोगाच्या घराण्यांत तर 1993 साली त्याचे जनुक सापडल्यापासून, रोग होण्याआधीच लहान मुलाची ग्रंथी काढतात आणि मूल वाचते. तिथे आधी कळणे हेच जीवदान आहे. आणि ॲनाप्लास्टिकमध्येही 2018 पासून, विशिष्ट जनुकबदल असेल तर, दोन औषधांची जोडी मिळू लागली आहे. आमचा शिपाई त्या आधीच गेला.

थायरॉइडच्या बाबतीत आमचा सीमाभाग अजून दोन्ही टोकांना आहे. खेड्यातली बाई गळ्याची गाठ पदराखाली झाकून दहा वर्षे काढते; शहरातली तिची भाची तपासणीच्या पॅकेजात बसते म्हणून निरोगी मान दाखवून येते. दोघींना एकच उपदेश करता येत नाही.

मी हे सगळे वहिनींना सांगावे का? टिळकवाडीत माझे एक निवृत्त डॉक्टर मित्र आहेत, त्यांना विचारले. ते म्हणाले, "जे परत देता येत नाही त्याची पावती कशाला देता?" मला ते पटले. खरे म्हणजे सोयीचे होते म्हणून पटले. त्यांच्याकडे सूर नाही, निदान वाचल्याचे समाधान आहे. तेही काढून घ्यायचे? रोग्याला शस्त्रक्रियेआधी सत्य सांगणे हे कर्तव्य, त्याबद्दल वाद नाही. नंतरचे सत्य कोणाच्या कामाचे? बहुधा सांगणाऱ्याच्याच. त्याला मोकळे वाटते, ऐकणारा अडकतो. असा युक्तिवाद करून मी दहा वर्षे गप्प राहिलो.

मग गेल्या पावसाळ्यात नातीचा पुण्याहून फोन आला. दाराच्या चौकटीतून आजीकडे बघत राहणारी तीच. आता नोकरी करते. कंपनीच्या वार्षिक तपासणीत मानेची सोनोग्राफी होती, 5 मिलिमीटरची गाठ निघाली. मी तिथेच बसलो होतो. वहिनी फोनवर म्हणाल्या, "काही विचार करत बसू नको. काढून टाक. माझं बघ की!" आणि फोन माझ्यापुढे धरला, "सांगा भावजी तिला."

"उद्या करतो फोन," असे सांगून मी उठलो. रात्रभर कोखर डोळ्यांपुढे होता. माझे मौन दयेपोटी आहे असे मी समजत होतो, आणि ते तर दहा वर्षे व्याज चढवत बसले होते. वहिनींची कृतज्ञता आता दुसऱ्या एका गळ्याकडे निघाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दादा झोपाळ्यावर होता. मी कोरियापासून कोबेपर्यंत सगळे सांगितले, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझं उगीच झालं म्हणता?"

"तसं नाही सांगता येत वहिनी. झालं असेल. नसेलही. ते कधीच कळणार नाही."

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

मी खरे तेच सांगितले. त्यांनी सूप बाजूला ठेवले, आत गेल्या, बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. संध्याकाळी त्यांनीच नातीला फोन लावला. "अगं, चांगल्या डॉक्टरला दाखव, आणि थांबलं तर चालतं काय ते विचार आधी." पुण्याच्या डॉक्टरने गाठ बघून सुईचीही गरज नाही म्हटले, वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करू या म्हणाले.

यंदाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला. वहिनी नेहमीप्रमाणे माझ्याजवळ येऊन बसल्या. टाळ मांडीवर होता. मी मान खाली घालून वाट पाहत होतो. नेहमीचे वाक्य आले नाही.

"ह्यांनी तेव्हा थांबू या म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

"मलाही आठवतंय," म्हणाल्या, आणि पाने मांडायला उठल्या.